मनोराज्याचे वतनदार

एखादी कथा वर्षानुवर्षे चालत राहिली म्हणजे ती सांगणाऱ्याची किती आणि ऐकणाऱ्याची किती, हा प्रश्न केव्हा ना केव्हा उभा राहतोच. कीर्तनाला बसलेल्या श्रोत्यांना आख्यान आधीपासून ठाऊक असते. बुवांनी त्यातला एखादा प्रसंग गाळला, तर आरती झाल्यावर कोणी तरी जाणता श्रोता त्यांना तो सुनावल्यावाचून राहत नाही; आणि बुवांनी सारे ठरल्याप्रमाणेच सांगितले, तर "यात नवे ते काय?" असा शेराही बहुधा तोच मारतो. जुने जसेच्या तसे हवे आणि शिवाय नवेही हवे, अशी ही दुहेरी मागणी आहे. ती तर्काला धरून नसेल. पण तिच्यामागे जिव्हाळा असतो, आणि जिव्हाळ्याच्या माणसाशी केवळ तर्काने बोलून भागत नाही, हे प्रपंचातील सर्वांनाच ठाऊक आहे.

हीच मागणी आज आपल्या घरांतील तरुण मंडळी एका वेगळ्या क्षेत्रात मोठ्या हिरिरीने करीत असतात. ते क्षेत्र म्हणजे संगणकावर खेळले जाणारे 'रोल प्लेइंग गेम'. नेम धरावा, गुण मिळवावे आणि उठावे, असा हा खेळ नव्हे. यात खेळणारा एका पात्राची भूमिका घेतो. त्या पात्राचे नाव, कुळ आणि विद्या स्वतः ठरवतो आणि एका कल्पित देशात आपल्या मर्जीने हिंडतो. कोणाशी मैत्री करायची, कोणाचे काम अंगावर घ्यायचे, कोणत्या वाटेने जायचे, हे पुष्कळ अंशी त्याचे तोच ठरवतो. अशा खेळांची मालिका वीस-तीस वर्षे चालली, म्हणजे त्यातील देश खेळणाऱ्याच्या मनात आजोळासारखा घर करून राहतो. मग पुढच्या भागात तो देश बदललेला दिसला की कुरकुर सुरू होते. या कुरकुरीत तथ्य किती, आणि असे देश रचावे तरी कसे, याचा विचार एका नामांकित मालिकेच्या आधारे करू.

'द एल्डर स्क्रोल्स' हे त्या मालिकेचे नाव. अमेरिकेतील मेरीलँड राज्यातल्या बेथेस्डा या कंपनीने तिचा पहिला भाग 'अरीना' १९९४ साली काढला. त्यानंतर 'डॅगरफॉल' (१९९६), 'मॉरोविंड' (२००२), 'ऑब्लिव्हियन' (२००६) आणि 'स्कायरिम' (२०११) असे मुख्य भाग आले. साऱ्यांची भूमी एकच, 'टॅमरिएल' नावाचा कल्पित खंड. फक्त प्रांत आणि काळ बदलत गेला. स्कायरिमच्या सहा कोटींवर प्रती खपल्याचे २०२३ साली निर्मात्यांकडून सांगण्यात आले. एवढा मोठा श्रोतृसमुदाय कोणत्याही कथेकऱ्याला हेवा वाटावा असाच आहे. आणि त्याची धास्ती वाटावी असाही.

मौज अशी की, या भूमीचा जन्म कोणत्याही भव्य योजनेतून झालेला नाही. 'अरीना' म्हणजे द्वंद्वयुद्धाचा आखाडा. मूळ बेत असा होता की, खेळणाऱ्याने मल्लांचा एक चमू घेऊन गावोगावच्या आखाड्यांत झुंजावे. खेळ रचता रचता गावे, तळघरे आणि अधलीमधली कामे यांनाच महत्त्व आले आणि आखाडा मागे पडत पडत गळून गेला. परंतु तोवर खोकी आणि जाहिराती त्याच नावाने छापून झाल्या होत्या. नाव बदलणे परवडण्याजोगे नव्हते. तेव्हा कथेतच अशी सोय करण्यात आली की, हा खंड इतका कलहप्रिय आहे की त्याला 'आखाडा' असेच म्हणतात! आपल्याकडील स्थळपुराणे ज्यांनी वाचली आहेत, त्यांना ही युक्ती नवी वाटणार नाही. गावाचे नाव आधी असते. कोणत्या देवाने तेथे काय केले म्हणून ते पडले, ही कथा मागाहून जुळवली जाते. आणि मागाहून जुळवली म्हणून ती भाविकाला कमी प्रिय होते, असेही नाही.

दुसऱ्या भागात निर्मात्यांनी विस्ताराचा ध्यास घेतला. डॅगरफॉलची भूमी ग्रेट ब्रिटनएवढी असल्याचे सांगितले जाई. तीत सुमारे पंधरा हजार गावे, शहरे आणि भुयारे होती. एवढा पसारा हाताने मांडणे अशक्यच. म्हणून काही नियम घालून देऊन बहुतेक भूमी संगणकाकडूनच रचवून घेण्यात आली. परिणाम जो व्हायचा तोच झाला. एका गावातून दुसऱ्या गावात जावे, तर तशीच घरे, तशीच दुकाने, तशीच उत्तरे देणारी माणसे. अंतर होते, पण ते काटण्यात काही हशील नव्हते. नकाशावर बोट ठेवून थेट मुक्कामी उतरण्याची सोय या खेळात होती, आणि सगळे तिचाच आश्रय घेत.

सहा वर्षांनी आलेल्या मॉरोविंडने नेमकी उलट वाट धरली. सगळा प्रांतही न दाखवता त्यातले व्हार्डनफेल नावाचे एकच बेट दाखवले. पण त्यातील डोंगर, घर, गुहा, पेटारा हे सारे माणसाने हाताने मांडले. डॅगरफॉलचा विस्तार ज्यांना प्रिय होता, त्यांना हे बेट कोतेच वाटले. तथापि थोड्याच दिवसांत त्या बेटाची मोहिनी पसरली. तेथे झाडांऐवजी प्रचंड भूछत्रे उगवतात, आणि मांत्रिकांचे वाडे त्या भूछत्रांतच घडवलेले असतात. मधोमध एक ज्वालामुखी आहे. त्याच्या राखेची वादळे सुटली की माणसे डोळ्यांवर हात धरून चालतात. एका अजस्र कीटकाच्या पाठीवरचे कवच कोरून त्यात उतारू बसवतात आणि तो लांब लांब पाय टाकीत गावाहून गावी नेतो. स्थानिक लोक परक्याला परकाच म्हणतात, आणि तसे म्हणताना आवाजातला तुटकपणा लपवीत नाहीत.

याहून महत्त्वाची गोष्ट वाटा शोधण्याची. या खेळात कोठे जायचे ते दाखवणारा बाण नव्हता. कोणी तरी सांगे, "गावाबाहेर पडून नदीकाठाने उत्तरेस जा, पूल ओलांडलास की डाव्या हाताची टेकडी." ते वहीत टिपले जाई, आणि मग खेळणारा खुणा पाहत पाहत निघे. क्वचित सांगितलेली दिशा चुकीचीही निघे! पण अशा रीतीने पायाखाली घातलेली वाट विसरली जात नाही. विस्तार हा मैलांवर अवलंबून नसतो, याचा हा चांगला दाखला होय. आपल्या कोकण-गोव्याकडील दशावतारात रंगमंचावर एक बाकडे असते. तेच राजाचे सिंहासन आणि तेच अरण्यातला खडक. प्रेक्षकाला ते पुरते, कारण उरलेले काम तो स्वतः करीत असतो. ज्या भूमीच्या रचनेत पाहणाऱ्याला काम ठेवलेले असते, ती लहान असली तरी मोठी होते.

मॉरोविंडने खेळणाऱ्याला आणखीही एक काम दिले. या खेळात ठिकठिकाणी ग्रंथ सापडतात आणि ते उघडून वाचता येतात. त्यांत इतिहास आहे, प्रवासवर्णने आहेत, धर्मग्रंथ आहेत. आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. नेरेवार नावाच्या प्राचीन सेनानीचा मृत्यू कसा झाला? युद्धात झालेल्या जखमांनी, असे एक परंपरा म्हणते. त्याच्याच तिघा निकटवर्तीयांनी त्याचा घात केला, असे दुसरी म्हणते; आणि ते तिघे तर त्या देशात देव म्हणून पुजले जात आहेत! खेळ संपतो, तरी निर्णय दिला जात नाही. साधने समोर ठेवून निर्मात्याने बाजूला व्हावे, आणि वाचकानेच बखरकाराचा पक्षपात ओळखावा, ही रीत इतिहासाच्या कोणाही विद्यार्थ्याला परिचित आहे. अमुक खरे की तमुक खरे, यावर चाहते दोन तपे वाद घालीत आले आहेत. माझ्या मते त्या भूमीच्या दीर्घायुष्याचे रहस्य या वादांतच आहे.

विसंगती सावरण्याची एक जुनी भारतीय पद्धतीही या मालिकेने, बहुधा नकळत, अवलंबली आहे. डॅगरफॉलला एकाहून अधिक शेवट होते. खेळणारा ज्याचा पक्ष घेईल त्याप्रमाणे राज्याचे भवितव्य ठरे. मग पुढच्या भागात खरा शेवट कोणता मानायचा? एकाला मान्यता द्यावी, तर बाकीच्या खेळणाऱ्यांचा पराक्रम खोटा ठरतो. निर्मात्यांनी पुढे असे सांगितले की, त्या दिवशी काळच भंगला आणि परस्परविरुद्ध शेवट एकाच वेळी घडले. पुराणांतील एकाच कथेचे दोन वृत्तान्त जुळेनात, तेव्हा आपले टीकाकार "हा कल्पभेद" असे म्हणून दोन्ही राखत: एक या कल्पात घडले, दुसरे त्या कल्पात. यात चतुराई आहे, हे खरे. पण श्रोत्यांपैकी कोणाच्याही अनुभवाला लटके न ठरवण्याचे सौजन्यही आहे.

आता असंतोषाकडे वळू. १९९८ साली 'रेडगार्ड' नावाच्या एका जोडभागासोबत टॅमरिएलची माहिती देणारी पुस्तिका निघाली होती. तीत साम्राज्याच्या मध्यवर्ती प्रांताचे वर्णन घनदाट, उष्ण अरण्य असे होते. आठ वर्षे चाहत्यांनी मनात ते अरण्य वाढवले. २००६ साली ऑब्लिव्हियनमध्ये तो प्रांत प्रत्यक्ष दिसला, तो सौम्य हवेचा, हिरव्या कुरणांचा, युरोपातल्या एखाद्या खेड्याची आठवण करून देणारा. आमचे अरण्य कोठे गेले, म्हणून गिल्ला झाला. निर्मात्यांच्या बाजूने दोन खुलासे कथेतच पेरले गेले. देवत्व पावलेल्या एका सम्राटाने आपल्या सामर्थ्याने अरण्य पालटून टाकले, हा पहिला. पुढे २०१४ साली निघालेल्या 'एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन'मधील एका ग्रंथात एक कल्पित पंडित दुसरा खुलासा सुचवतो: प्राचीन ग्रंथाची नक्कल करणाऱ्याच्या हातून शब्द चुकला असावा; अरण्य तेथे मुळात नव्हतेच. पहिला खुलासा पुराणिकाचा, दुसरा पाठभेद पाहणाऱ्या संशोधकाचा! दोन्ही ऐकून हसू येते; पण मनात वाढवलेले अरण्य परत मिळत नाही.

ऑब्लिव्हियनविषयी आणखी दोन आक्षेप होते, आणि ते निराळ्या जातीचे आहेत. पहिला असा की, होकायंत्रावर बाण आला आणि मोठ्या शहरी थेट उतरण्याची सोय आरंभापासून मिळाली. डॅगरफॉलच्या ओसाड अंतरात ही सोय योग्यच होती. येथे मात्र वाट पाहण्याजोगी असूनही तिच्याकडे पाहण्याचे कारण उरले नाही. दुसरा असा की, खेळणाऱ्याचे बळ वाढेल तसे जगातील चोरांचे आणि श्वापदांचे बळही वाढू लागले. अखेर असा प्रसंग येई की, लाखमोलाचे चिलखत ल्यालेला वाटमाऱ्या रस्त्यात उभा राहून शंभर नाणी मागे. वर्गात मुलांना शिकवणाऱ्या माणसाला यातील दोष समजावून सांगावा लागत नाही. वरच्या इयत्तेत गेल्यावर खालच्या इयत्तेतले गणित सोपे वाटावे, यातच शिकल्याचा आनंद असतो. विद्यार्थ्याबरोबर पाढेही कठीण होत जाऊ लागले, तर आपण काही मिळवले, असे त्याला कधीच वाटणार नाही.

या दोन प्रकारच्या तक्रारींत विवेक करायला हवा. "पूर्वी असे नव्हते" ही एक तक्रार. आणि "येथे मला करण्यासारखे काही ठेवले नाही" ही दुसरी. दुसरी तक्रार रचनेविषयी आहे, ती निर्मात्याने ऐकलीच पाहिजे. पहिली आठवणीविषयी आहे. ती ऐकून घ्यावी. पण ती पुरी करता येईलच असे नाही. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांना या पहिल्या तक्रारीचे मर्म इतरांपेक्षा लवकर कळावे. इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर येथील एखाद्या घरात आजीच्या तोंडचा शब्द जपला जातो. पुण्याच्या नातलगांकडे तो कधीच मागे पडलेला असतो. आपण म्हणतो, मराठी बिघडली. ते म्हणतात, तुम्हीच कोठे तरी थांबलात. दोघांच्याही म्हणण्यात थोडे तथ्य असते. दूर राहणारा माणूस मूळ भूमीची जी प्रतिमा जपतो, ती प्रेमाने जपलेली असते म्हणूनच हलत नाही. आणि खरी भूमी, तीत माणसे राहत असल्यामुळे, हलत असते.

वाट पाहण्याने तर अपेक्षा आणखीच फुगतात. मालिकेचा सहावा भाग येणार, असे जून २०१८ मध्ये जाहीर झाले. त्या वेळी दाखवलेल्या अगदी छोट्या चित्रफितीत डोंगर, किनारा आणि शीर्षक, एवढेच होते. पुढे सात वर्षे उलटली तरी खेळ हाती आला नाही. मात्र त्या किनाऱ्याच्या वळणांवरून हा कोणता प्रांत असेल, याचे अंदाज बांधण्यात चाहत्यांनी कसर ठेवली नाही. ज्या खेळाचे एकही गाव कोणी पाहिलेले नाही, त्याची हजारो मनांत हजारो रूपे उभी आहेत. त्यांतील एकही प्रत्यक्षाशी जुळणार नाही. मधल्या काळात, एप्रिल २०२५ मध्ये, ऑब्लिव्हियन नव्या रंगरूपात पुन्हा निघाला. चित्रे नवी झाली, काही नियम सुधारले, पण भूमी तीच राहिली. आणि जुन्या खेळणाऱ्यांनी तिचे स्वागत केले. एके काळी जिच्याविषयी गिल्ला झाला, ती सौम्य कुरणे एकोणीस वर्षांत कोणा तरी दुसऱ्या पिढीचे आजोळ झाली होती.

मग चाहत्यांनी काय करावे? केवळ वाट पाहावी आणि चिडावे? याचे उत्तर त्यांच्यातीलच काहींनी कृतीने दिले आहे. मॉरोविंडसोबत निर्मात्यांनी रचनेची साधनेही खेळणाऱ्यांच्या हाती दिली होती. त्या खेळात फक्त बेट होते. मुख्य भूमीचा प्रांत कोराच राहिला होता. 'टॅमरिएल रीबिल्ट' नावाने एकत्र आलेल्या हौशी मंडळींनी तो कोरा भाग घडवायला घेतला. वीस वर्षांहून अधिक काळ हे काम विनामोबदला चालू आहे. जुनी माणसे जातात, नवी येतात. एकेक जिल्हा पुरा होतो आणि सर्वांना मोफत दिला जातो. मूळ बेटाला ते लागून असते, पण बेटावरील मूळ रचना मोडून ते उभे राहिलेले नाही.

या ठिकाणी मला एकनाथ महाराजांची आठवण होते. शके १५०६ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. नकला करणाऱ्यांनी, कित्येकदा भक्तिभावानेच, मूळ ग्रंथात भर घातली होती. ती त्यांनी दूर केली, आणि यापुढे कोणी आपली ओवी त्यात मिसळू नये असेही बजावले. त्याच एकनाथांचे भावार्थ रामायण मात्र अपुरे राहिले. युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायानंतरचा भाग त्यांचा शिष्य गावबा याने पुरा केला, असे परंपरा मानते. वरवर पाहता या दोन गोष्टी परस्परविरुद्ध वाटतात. वस्तुतः त्यांत एकच मर्यादा सांगितली आहे. पुऱ्या झालेल्या ग्रंथात आपला हात घालणे हा क्षेपक. जेथे मूळ लेखणी थांबली तेथून पुढे लिहिणे ही सेवा. भूछत्रांच्या त्या देशात परक्या मुलखातली काही मंडळी गावबाचेच काम करीत बसली आहेत.

म्हणून अशा चाहत्यांना मी मनोराज्याचे वतनदार म्हणतो. वतनदार हा गावाचा धनी नव्हता. त्याचा हक्क पिढीजात होता आणि कोणी तो सहजासहजी काढून घेऊ शकत नसे. पण त्या हक्कापोटी त्याला गावाची चाकरी करावी लागे. चाकरी सोडून नुसता मानपान मागणारा वतनदार गावाला नकोसा होई. आणि वतनदारांना न विचारता कारभार करणाऱ्या राजालाही गावचा वसूल सुखाने मिळत नसे. टॅमरिएलच्या निर्मात्यांनी आणि चाहत्यांनी एकमेकांपासून शिकावे ते एवढेच. निर्मात्याने भूमीत काही कोरे ठेवावे, आणि बाण दाखवण्याआधी माणसाला वाट विचारू द्यावी. चाहत्याने ते कोरे भरावे, आणि जे भरलेले आहे ते दुसऱ्याच्या हातचे आहे, याचे भान ठेवावे.

आपल्या घरात एखादा मुलगा किंवा मुलगी अशा देशात तासन्‌तास रमत असेल, तर वेळेचा हिशेब अवश्य विचारावा. तो वडीलधाऱ्यांचा हक्कच आहे. पण त्याबरोबर आणखी एक विचारून पाहावे: तुझ्या त्या मुलखात माणसे कशी राहतात, तेथील इतिहास कोणी लिहिला, आणि त्यात खोटे कोण बोलतो? उत्तर लांबलचक येईल. ते ऐकायला थोडी सवड काढून बसावे लागेल.